एका छपराखाली दोन पेन्शनी

सोलापूर,
१९ जानेवारी १९७५

प्रिय दानम्मा,

तुझं पत्र परवा मिळालं. मुदतवाढ घेऊन आणखी दोन वर्षं शाळेत राहावं की फेब्रुवारीअखेर निवृत्त होऊन घरी यावं, हे तुला शनिवारपर्यंत संस्थेला कळवायचंय आणि निर्णय तू माझ्यावर टाकलास. माळशिरसची शाळा इतकी वर्षं एकहाती चालवणारी मुख्याध्यापिका नवऱ्याला विचारते, म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय, असं वाटलं. पुढं वाचल्यावर उलगडा झाला. तुमच्या रामहरी गुरुजींनी तुझ्या डोक्यात भरवलंय की, नवरा-बायको एका छपराखाली आले की सरकार दोन्ही पेन्शनी एकत्र धरून जबर कर कापतं, त्यापेक्षा नोकरी केलेली बरी. गुरुजी भूगोल उत्तम शिकवतात, त्यांनी तेवढंच शिकवावं.

माझी सारी नोकरी कोषागारात लोकांच्या पेन्शनी काढून देण्यात गेली, तेव्हा माझं ऐक. नवरा-बायकोचा कर वेगवेगळा धरतात. आपण एका ताटात जेवलो तरी तुझी पेन्शन तुझी आणि माझी माझी. तुझी एकटीची पेन्शन कराच्या मर्यादेपर्यंत पोचतच नाही, मग तिच्यातून कापणार काय? फक्त माझ्या पैशातून तुझ्या नावावर जी ठेव ठेवली, तिचं व्याज कायदा माझंच धरतो, आणि तो कर मी भरतोय. तुमचा लेखनिक मात्र पूर्ण वर्षाचा पगार गृहीत धरून दरमहा कापत आला असेल. तू फेब्रुवारीत थांबलीस तर शेवटच्या पगाराआधी त्याला हिशेब नव्यानं करायला लाव, विम्याच्या पावत्याही दे. जादा कापलेलं परत मिळवताना चपला झिजतात, हे मी खिडकीच्या आतून पुष्कळ पाहिलंय.

इकडं बरं आहे. स्वयंपाकघराला चुना देऊन घेतला. मंगळवेढ्याची ज्वारी आली, शेजारची शिवबाई भाकरी करून देते, पण तिला मिठाचा अंदाज नाही. यंदा संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेत गेलो नाही. पेन्शन आणायला निघालो तेव्हा शिवबाईचा गुरुबसप्पा सोबत आला. सात रस्त्याला म्हणाला, "अण्णा, हात धरा की, लई गर्दी हाय." एरवी मी त्याला झापलं असतं. या खेपेला मुकाट्यानं हात धरला. हल्ली पेपरही तोच वाचून दाखवतो, मधल्या बातम्या गाळतो आणि मला कळत नाही असं समजतो.

दिवाळीत तू आलीस, तेव्हा स्टँडवर मी भलत्याच बाईची पिशवी घ्यायला धावलो. ती बाई ओरडली, तू पोट धरून हसलीस, आणि घरी येईपर्यंत मला "म्हातारपणी रंग उधळताय व्हय?" म्हणून चिडवत होतीस. मीही हसलो. त्या चार दिवसांत तुला काही सांगायचं नाही, असं मी मनाशी पक्कं केलं होतं. लेकीलाही कळवलं नाही. तू मनासारखी नोकरी पुरी करावीस, माझ्यापायी तुझा पाय मागं ओढला जाऊ नये, एवढंच मनात होतं.

पण आता ते झेपत नाही. नुसत्या करासाठी चार ओळींचं कार्ड पुरलं असतं. दानम्मा, मला काचबिंदू झालाय. उजवा डोळा गेला. डावाही फार तर वर्षभर साथ देईल, आता औषधानं किंवा शस्त्रक्रियेनं फरक पडणार नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. हे पत्रही थांबत थांबत लिहिलंय, ओळी एकमेकींवर चढल्या असतील तर लावून घे. मला सांभाळायला कुणी हवं म्हणून लिहीत नाही, ते शेजारीही करतील. लग्न झाल्यापासून आपण सुट्टीपुरते नवरा-बायको राहिलो, आणि निवृत्तीनंतर तुला निवांत बघत बसेन, अशी मी मनाची समजूत घालत आलो. दोन वर्षांनी आलीस तर तू घरात असशील, बोलशील, चिडशील, पण मला दिसणार नाहीस. मला तुला बघायचंय. मुदतवाढ घेऊ नकोस, घरी ये.

तुझाच,
चनबसप्पा