चौदा खणांची बँक

८ फेब्रुवारी २०००

शाब्बास! आमच्या टोकियोचा गव्हर्नर म्हणतो, मोठ्या बँकांवर कर लावणार. नफ्यावर नाही, एकूण मिळकतीवर! इतकी वर्षं जुना तोटा पुढे करायचा आणि कराच्या नावानं हात वर. बुडायला लागल्या तेव्हा वाचवलं कुणी? आम्हीच ना! आमच्या पैशांनी! आम्ही टोफू विकून मुकाट भरतोच की.

नवरा म्हणाला, "तुला काय कळतं बँकांतलं?"

काय कळायचंय? आमच्या आळीत उत्सवाची वर्गणी दुकानाच्या रुंदीवर असते. जितके खण, तितकी वर्गणी. धंदा चालो न चालो. नफा लपवता येतो, दार कुठं लपवणार? आजेसासऱ्यांच्या काळापासून हीच रीत. गव्हर्नरला काल सुचलं!

११ फेब्रुवारी

यंदा वर्गणी गोळा करायचं माझ्या गळ्यात. तांदूळवाले कुमेआजोबा आळीचे प्रमुख, ते म्हणाले, "तोमिए, तुझ्या तोंडाला भिऊन तरी लोक देतील." देतील! देवाच्या पालखीचा दांडा तडकलाय. नवा आला नाही तर मे महिन्यात पालखी निघत नाही. आणि कोपऱ्यावरची बँक – चौदा खण, आळीत सगळ्यात रुंद – तिनं गेल्या वर्षी एक येन दिला नाही. आमचं दुकान दोन खणी. आम्ही दिले.

१४ फेब्रुवारी

बँकेत गेले. मॅनेजर काशिवागीसाहेबांनी चहा दिला. पाणचट.

"तोमिएबाई, आमच्याकडे जनतेचा पैसा आहे. तो उत्सवाला कसा देणार?"

म्हटलं, "जनता तुमच्या समोर बसलीय. ती म्हणतेय, द्या."

हसू दाबत होते बिचारे. वर विचारून सांगतो म्हणाले.

घरी नवऱ्याचा जीव टांगणीला. "अगं, आपलं कर्ज त्याच बँकेत आहे!" – असू दे. हप्ता चुकवलाय कधी?

२ मार्च

वरून उत्तर आलं. नाही!

९ मार्च

कुमेआजोबांकडे बैठक. संत्री खाऊन खाऊन सगळ्यांची बोटं पिवळी, निर्णय काही नाही. आजोबा म्हणतात, "कर लावा नाहीतर वर्गणी मागा, बँक काय स्वतःला चिमटा काढून देते? व्याज वाढवेल, कुणाचा तरी पगार कापेल. शेवटी भरतो माणूसच."

मी म्हटलं, "म्हणून सोडून द्यायचं? मग मीही टोफू महाग करण्याचा धाक घालते. माझाही कर माफ करा!"

सगळे हसले. हसून दांडा येत नाही.

१५ मार्च

काशिवागीसाहेब तळलेला टोफू घ्यायला आले. ऐकवलंच – "जुन्या काळी कंजुषाच्या दारावर पालखी आदळायचे. तुमच्या काचा बघून ठेवल्यात."

तर म्हणतात कसे – "आदळायला दांडा आहे का, बाई?"

मेला! पण बोलला झकास. एक टोफू जास्त घातला.

३१ मार्च

काल कर मंजूर झाला! सणासुदीचा लाल भात केला. नवरा म्हणाला, "कुणाचं लग्न?" म्हटलं, "जेव गुपचूप."

१८ एप्रिल

आले! काशिवागीसाहेब स्वतः आले. दोन्ही हातांनी पाकीट पुढे केलं – पुरे चौदा खण! मी तिथंच नाचायची बाकी होते.

"वरच्यांचं डोकं आलं म्हणायचं ठिकाणावर!"

ते म्हणाले, "देवळातल्या देणगीदारांच्या पाटीवर बँकेचं नाव घाला." मग टोफूच्या हौदाकडे बघत म्हणाले, "आमच्या गावीही पालखी असायची. मी मागच्या बाजूला खांदा द्यायचो."

म्हटलं, "मग या की! खांद्याला वर्गणी नाही."

२८ मे

निघाली! नवा दांडा, लाकडाचा वास अजून ताजा. काशिवागीसाहेब सूट टाय उतरवून उत्सवाच्या आखूड कपड्यात – पाय मुळ्यासारखे पांढरे! आळी हसून लोळली. पण माणूस हटला नाही. घसा बसेपर्यंत ओरडत होता. बँकेसमोर पालखी तीनदा उंच उडवली, काचेला धक्का नाही.

देवळात देणगीदारांच्या पाट्या लागल्या. बँकेची सगळ्यात वर. कुमेआजोबा म्हणाले, "जिंकलीस, तोमिए." जिंकलेच मुळी! खांदा तेवढा मोडलाय माझा. नवऱ्यानं चोळून दिला, न सांगता.

३ जून

काशिवागीसाहेबांची बायको आली. महिनाभर बघतेय – टोफू घेत नाही, नुसता सोयाबीनचा चोथा नेते. आज म्हटलंच, "अहो, मॅनेजरीणबाई, चोथा कसला खाता? टोफू न्या!"

"डिसेंबरात बोनस निम्मा झाला, आणि त्यात ह्यांनी पालखीला –" आणि तोंडावर हात. मग हळूच, "बोलू नका हं कुणाला. बँकेकडून काहीच सुटलं नाही."

चार टोफू बांधून दिले. पैसे घेतले नाहीत.

४ जून

पाटी उतरवून आणली. बँकेचं नाव घासून काढलं, काशिवागी लिहून घेतलं. उद्या दुकान नवऱ्यावर टाकून बँकेच्या मुख्य कचेरीत जाते. चौदा खण अजून बाकी आहेत.