नेत्राचं माझ्यावाचून काय अडतं

कावासाकी,
३ सप्टेंबर
(महिना मुद्दाम अक्षरांत लिहिला आहे. कारण पुढे कळेल.)

ती. स्व. अनुराधाआत्या आणि ती. स्व. चंद्रहासकाका यांना नचिकेतचा वाकून नमस्कार. (वाकायची इथे इतकी सवय झाली आहे की हे वाक्य लिहितानाही मी खुर्चीतल्या खुर्चीत थोडा वाकलो.) काकांचा गुडघा आता जिना चढू देतो का? ओजसच्या लग्नाची खरेदी कुठवर आली? तुम्ही पाठवलेली मेतकुटाची पाकिटं पोचली. एक फुटलं होतं, त्यामुळे इथल्या पोस्टमनच्या पिशवीला अजून मेतकुटाचा वास येतो आणि तो माझ्याकडे वेगळ्याच आदराने बघतो.

इकडे सर्व मजेत आहे असं मी एरवी लिहिलं असतं. या खेपेला जरा थांबून लिहितो. जुलैच्या सुरुवातीला मी तुम्हाला फोन करून ‘व्हिसाच्या कामाला वडीलधाऱ्यांचं एक पत्र हवंय’ एवढंच सांगितलं होतं. पुढचं सांगितलं नाही, कारण तुम्ही फोन स्पीकरवर टाकता आणि मग तो सगळी सोसायटी ऐकते. आता सगळं सुखरूप पार पडलं आहे, तेव्हा पहिल्यापासून सांगतो. हे पत्र बसून वाचा.

तुम्हाला माहीतच आहे की मी जपानात नेत्राचा नवरा म्हणून राहतो. हे मी विनयाने म्हणत नाही, माझ्या इथल्या निवासी कार्डावर सरकारी भाषेत तसंच लिहिलेलं आहे. ती कंपनीत चाळीस माणसांची टीम सांभाळते आणि मी तिच्यावर अवलंबून असलेला कुटुंबीय. या कार्डाची मुदत संपत आली की ते वाढवून घ्यावं लागतं. मुदतीची तारीख नेत्राने वर्षाच्या सुरुवातीलाच एका पिवळ्या चिठ्ठीवर लिहून फ्रिजला चिकटवली होती: ‘नचि व्हिसा 6/7’. मी ती वाचली, तुम्ही पाठवलेल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात ६ जुलैला लाल गोल केला, आणि त्या दिवशी आषाढी एकादशी आहे हे बघून मला बरंच वाटलं. लक्षात ठेवायला सोपं. (कार्ड पाकिटात होतं. पण फ्रिजवर बायकोच्या हातची चिठ्ठी असताना कार्ड कोण उघडून बघतो?)

तर एकादशीच्या चार दिवस आधी, म्हणजे आपण किती वक्तशीर या विचाराने खूश होत, मी इमिग्रेशनच्या ऑफिसात गेलो. खिडकीपलीकडच्या साहेबांनी कार्ड पाहिलं. मग मला पाहिलं. मग पुन्हा कार्ड पाहिलं आणि दातांच्या फटीतून श्वास हळूच आत ओढला: स्स्स्स. आत्या, जपानी माणूस तोंडाने ‘नाही’ म्हणत नाही, तो हा आवाज काढतो. दुकानात काढला तर चप्पल तुमच्या मापाची नसते. डॉक्टरांनी काढला तर रक्ततपासणी लागते. इमिग्रेशनमध्ये काढला तर काय होतं, ते मला पुढच्या मिनिटात कळलं. माझी मुदत ७ जूनलाच संपली होती. नेत्रा ऑफिसातल्या सवयीने आधी महिना आणि मग तारीख लिहिते. मी पुण्याच्या सवयीने आधी तारीख आणि मग महिना वाचतो. लग्नाला इतकी वर्षं होऊन, जपानात तीन वर्षं एका घरात राहून आम्हाला याचा पत्ता नव्हता. थोडक्यात, पंचवीस दिवस मी जपानात बेकायदेशीरपणे राहत होतो, आणि त्या काळात आमच्या ईश्वरीच्या शाळेच्या स्नेहभोजनाला कांदेपोहेसुद्धा नेले होते.

साहेबांनी शांतपणे सांगितलं की दोन वाटा आहेत. एक, मी परत जायचं, आणि मग वर्षभर तरी जपानात पाऊल ठेवायचं नाही. दोन, विशेष बाब म्हणून उशिरा आलेला अर्ज ते घेतील की नाही यावर विचार होईल. त्यासाठी आम्ही चूक कबूल करायची आणि नवरा गेला तर बायको-मुलीला कोणकोणत्या अडचणी येतील ते कागदोपत्री दाखवायचं. मुदत एक आठवडा. ईश्वरी पहिलीत आहे, नेत्रा आठ वाजता घर सोडते ते रात्रीच उगवते. बाबा वर्षभर नसणार हे ईश्वरीला कसं सांगायचं, याची मी परतीच्या गाडीत तालीम करून पाहिली. दुसऱ्या वाक्यापुढे जमली नाही.

घरी येऊन नेत्राला सांगितलं. पहिली वीस मिनिटं चिठ्ठी बरोबर होती की वाचन, यावर गेली. (निकाल लागलेला नाही. चिठ्ठी पुरावा म्हणून जपून ठेवली आहे.) मग ती अर्ज लिहायला बसली, ‘पती नसल्यास येणाऱ्या अडचणी’ असं वर लिहिलं आणि पेन चावत बसली. बराच वेळ. मी मधूनच चहा ठेवला, ईश्वरीची उद्याची पिशवी भरली, डबे धुतले आणि सहज डोकावलो, तर खाली कागद कोरा. ती म्हणाली, “सुचत नाहीये रे. सगळं तर नीट चाललंय.”  मी पुसलेली कढई पुन्हा जोरात पुसली.

नेत्राला अडचण सांगता येत नाही, हा तिच्या माहेरचा दोष आहे. इथे येऊन तो वाढला, कारण जपानीत ‘दाइजोबु’ असा एक शब्द आहे. ठीक आहे, चालेल, काळजी नको, आणखी नको, लागलं नाही, या सगळ्याला हा एकच शब्द पुरतो. नेत्रा तो ताप एकशे दोन असतानाही म्हणते. तेव्हा मी ठरवलं की बाहेरची पत्रं मिळवावीत. एक तुमचं. दुसरं आमच्या गल्लीच्या रहिवासी मंडळाच्या अध्यक्ष ओनो-सान यांचं. या ओनो-सान म्हणजे अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजी. आम्ही नवीन आलो तेव्हा माझी चुकीच्या वारी ठेवलेली कचऱ्याची पिशवी त्यांनी दोनदा चिठ्ठी लावून परत आणून दिली होती.

तुमचं पत्र चौथ्या दिवशी मोबाइलवर फोटोने आलं. फुलस्केप कागद, वर श्री, समास सोडलेला. आत्या, खरं सांगतो, वाचून माझे डोळे भरून आले. आमच्याविषयी इतकं चांगलं कुणी लिहिलं नव्हतं. लगेच क्योतोला नुपूरकडे पाठवलं (तुमचीच विद्यार्थिनी, तिथे पीएच.डी. करते आहे). तिचा रात्री फोन आला, “नचिकेतदादा, हे जसंच्या तसं जपानीत करू? नक्की?” मी म्हटलं, आत्याच्या पत्रातला काना-मात्रा बदलायचा नाही. ती ‘नक्की?’ का म्हणाली, हे मी तेव्हा विचारायला हवं होतं.

पुढच्या बुधवारी आम्हा दोघांना बोलावणं आलं. ईश्वरीला सांभाळायला कुणी नव्हतं (कारण तिला सांभाळणाराच मुलाखतीला होता), म्हणून तीही आली. साहेबांनी तुमच्या पत्राचं भाषांतर पुढ्यात घेतलं आणि अत्यंत सभ्यपणे दोन वाक्यं वाचून दाखवली. पहिलं: ‘आमची नेत्रा अत्यंत कर्तबगार असून तिचं कुणावाचून काहीही अडत नाही.’ दुसरं: ‘नचिकेत इतका गरीब स्वभावाचा आहे, की तो घरात आहे की नाही हेसुद्धा कळत नाही.’ मराठीत ही केवढी स्तुती आहे! लग्न जमवताना याच वाक्यावर तुम्ही नेत्राच्या आईचं मन वळवलं होतंत. जपानीत ऐकताना मात्र माझे डोळे दुसऱ्यांदा भरून आले. साहेबांनी विचारलं, हे गृहस्थ खरोखर त्या घरात राहतात ना?

मी घाम पुसत खुलासा केला की आमच्याकडे कमी आवाज करणाऱ्या माणसाला असं म्हणतात. साहेबांनी ते लिहून घेतलं. मग नेत्राकडे वळून सरळ विचारलं, पती नसले तर आपल्याला त्रास होईल का? आणि माझ्या बायकोने, चाळीस माणसांच्या प्रमुखाने, माझं अख्खं वर्ष टांगणीला लागलेलं असताना, सवयीने हसून, किंचित वाकून उत्तर दिलं: “दाइजोबु देस.”

नेत्राचा चेहरा पांढरा पडला. साहेबांनी पेन खाली ठेवलं, आणि बहुधा दयेपोटीच, अगदी साधा प्रश्न विचारला: घरी पती काय काम करतात? ती म्हणाली, सगळंच. उदाहरणार्थ? उदाहरणार्थ कचरा. जळणारा कचरा कोणत्या वारी जातो? नेत्रा छताकडे बघत म्हणाली, मंगळवारी. तेवढ्यात ईश्वरी खुर्चीत उभी राहिली आणि जपानीत ओरडली, “चूक! आई, चूक!” आणि मग तिने माझ्याबरोबर रोज खाली जाऊन पाठ केलेलं सगळं एका दमात म्हणून दाखवलं. सोमवार-गुरुवार जळणारा, बुधवारी प्लॅस्टिक, बाटल्यांची झाकणं वेगळी, लेबलं वेगळी, दुधाचे खोके धुवून, कापून, वाळवून. शेवटी, कुणी न विचारता, तिने जोडलं, “आई सगळं एकाच पिशवीत टाकते.”

आत्या, इथे असा गुन्हा कबूल करणं म्हणजे काय ते तुम्हाला तिथून कळायचं नाही. साहेबांनी चेहऱ्यापुढे फाइल धरली. फाइल थोडा वेळ हलत होती. ती खाली आली तेव्हा त्यांच्या हातात ओनो-सानचं पत्र होतं. त्यात लिहिलं होतं, की हा भारतीय गृहस्थ आमच्या इमारतीत बाटलीचं लेबल न चुकता काढणारा एकमेव पुरुष आहे, तो पलीकडच्या दोन म्हाताऱ्यांच्या पिशव्याही खाली नेतो, आणि नारळाच्या करवंटीचं काय करायचं हा प्रश्न त्याने मला विचारला तेव्हा चाळीस वर्षांत पहिल्यांदाच मला पालिकेला फोन करावा लागला. साहेबांनी मान वर करून विचारलं, “करवंटीचं शेवटी काय ठरलं?” मी सांगितलं: बारीक फोडून, कागदात गुंडाळून, जळणाऱ्यात. त्यांनी तेही लिहून घेतलं.

मग नेत्रा बोलली. फार नाही. म्हणाली, मघाशी चुकीचं उत्तर दिलं. सगळं ठीक चालतं म्हणून मला वाटतं अडचण नाहीच. पण ठीक चालतं ते याच्यामुळे. हा नसेल तर मला ठीक नाही. ‘दाइजोबु’ला ‘नाही’ लावून तिने म्हटलेलं मी तीन वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. मी खिडकीबाहेर बघत बसलो. बाहेर पार्किंग होतं, तरी मन लावून बघितलं.

अर्ज घेतला गेला. गेल्या आठवड्यात पोस्टकार्ड आलं आणि काल नवं कार्ड हातात पडलं, वर्षभराचं. मी ते छातीशी धरून स्टेशनपासून घरापर्यंत चालत आलो. वाटेत ओनो-सान भेटल्या. त्यांना कार्ड दाखवलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी धरून नीट वाचलं, परत दिलं आणि म्हणाल्या, “छान. उद्या प्लॅस्टिक.” राष्ट्रगीत ऐकल्यासारखा मी ताठ उभा राहिलो.

काकांना नमस्कार, ओजसला आशीर्वाद. तुमच्या पत्राबद्दल मनात काही आणू नका. ते मी जपून ठेवलं आहे, मराठीतलं.

तुमचा,
नचिकेत

ता. क. एक अडचण आहे. ओजसच्या लग्नात मंगलाष्टकं मीच रचून मीच म्हणायची, असं तुम्ही परस्पर ठरवल्याचं कळलं. माझी फार इच्छा होती. पण माझ्यावाचून नेत्राचं अडतं, असं आम्ही जपान सरकारला लेखी कळवून बसलो आहोत. आता पंधरा दिवस निघून आलो तर सरकार काय म्हणेल? तेव्हा मंगलाष्टकांचं काम दुसऱ्या कुणावर सोपवावं, ही खरी विनंती. पत्र त्यासाठीच लिहायला घेतलं होतं.

ता. क. २ (नेत्राच्या अक्षरात) आत्या, नमस्कार. तो येतोय. तिकीट मी काढलंय, ७/१२चं. (सात डिसेंबर. बारा जुलै नव्हे, आणि सातबाराही नव्हे.) मंगलाष्टकं तो बाथरूममध्ये रोज म्हणतोय, फसू नका. कचऱ्याचे वार मी पाठ केलेत, ईश्वरी परीक्षा घेते. परतीचं तिकीट एकवीस डिसेंबरचं आहे. ‘राहू दे की आणखी चार दिवस’ असं तुम्ही म्हणाल, म्हणून आधीच लिहिते: नको. अडतं.