शिडाआड

८ फेब्रु., शनि.
मोठं शीड शिवून झालं एकदाचं. वृंदाने शेवटची शिलाई मारली, मशीन पुसून ठेवलं आणि म्हणाली, "आता हे मावणार कुठे ते तुम्ही बघा." हॉलमध्ये पसरलं तर अर्धं पॅसेजमध्ये जातं. केशरी-निळं, पॅराशूटचं कापड. वारा पाठीमागून असेल तेव्हाच उडवायचं, होडीच्या नाकापुढच्या दांड्यावरून. होडी म्हणजे दोन लांब तरंगे आणि मधे ताणलेली जाळी.
क्लासमध्ये बल शिकवताना हेच उदाहरण दिलं. एकाने विचारलं, "सर, डर नहीं लगता?" म्हणालो, "फिजिक्स समझ लो, फिर डर किस बात का." पोरं एकदम इम्प्रेस.
उद्या तलावावर शिडाचं उद्घाटन. दादाने अर्धं सुदामा नगर गोळा केलंय.

९ फेब्रु., रवि.
तलावावरून आलो. आज नाही लिहवत.

१० फेब्रु., सोम.
लिहितो.
हे शीड वर चढवताना मधेच वारा भरू नये म्हणून त्याची लांब गुंडाळी करून जागोजागी लोकरीच्या धाग्याने बांधतात. वर गेलं की खालची दोरी ओढायची. लोकर पटापट तुटते, शीड उघडतं. भोपाळच्या शिबिरात दोघंही हे शिकलो होतो. वृं. ने लोकर पर्समधून आणली होती. पण दादा पूजेचं ताट घेऊन हजर. नारळ, हळद-कुंकू, पूजेच्या लाल-पिवळ्या दोऱ्याचा लच्छा. "अरे भिया, शुभ काम आहे, लोकर काय बांधतोस? लच्छा बांध!" मी बांधला. गाठीवर गाठ मारून. वृं. म्हणाली, "अहो, तो तुटणार नाही." मी सगळ्यांसमोर तिला टेन्सिल स्ट्रेंग्थ समजावून सांगितली.
सुती दोरा. कसला तुटतोय!
देपालपूर रोडच्या काठावर मंडळी उभी, आम्ही पलीकडून वारा पाठीशी घेऊन त्यांच्या दिशेने. ती सुकाणूवर, मी पुढे. शीड चढवलं, दोरी ओढली. वरचा भाग उघडला, खालचा उघडला, कंबर बांधलेलीच. डमरू. तो डमरू डावी-उजवीकडे झुलायला लागला आणि त्याच्याबरोबर होडी. वृं. ओरडली, "खाली घ्या!" मी दोरी घट्ट धरून उभा. मूठ उघडेचना.
मग एक झोत आला, लच्छे तुटले, धडाम् आवाज. होडीने उडीच मारली. उजव्या बाजूच्या तरंग्याचं नाक पाण्याखाली जाताना मला दिसलं. त्यापुढचं मला दिसलं नाही, कारण मी जाळीवर पालथा पडलो होतो, डोलकाठीला दोन्ही हातांनी मिठी मारून, डोळे मिटून. "आई गं" म्हणत होतो. बावन्न वर्षांचा बाप्या.
सगळं तिने केलं. शिडाची दोरी सैल सोडली, होडी वाऱ्याबरोबर वळवली, तरंगा वर आला. मग परत दोरी आवळली आणि ते प्रचंड शीड भरून काठाकडे सरळ घेऊन आली. मी डोळे उघडले तेव्हा ती हसत होती. माझ्याकडे बघून नाही, वर, शिडाकडे बघून.
काठ जवळ आल्यावर हळूच म्हणाली, "उठा. लोक बघतील."
मी उठलो. तिने शीड उतरवलं. शीड खाली आलं तेव्हा मी पुढे डोलकाठी धरून ताठ उभा.
काठावरून इतका वेळ फक्त शीड दिसत होतं. माणसं त्याच्या आड. टाळ्या.

११ फेब्रु., मंगळ.
दादाने व्हिडिओ सगळ्या ग्रुपवर टाकलाय. "माझा धाकटा भाऊ. होळकरांच्या रिसाल्यातलं रक्त!" आमचे पणजोबा रिसाल्यात घोड्यांचा चारा सांभाळायचे. असो.
क्लासमध्ये पोरं उठून उभी राहिली. "सर, आप तो छा गए!" मी म्हणालो, "बैठो, बैठो." एवढंच. म्हणजे ते श्रेय मी घेतलं.
घरी आल्यावर वृं. ला म्हटलं, सगळ्यांना खरं सांगून टाकतो. कांदा चिरता चिरता म्हणाली, "असू द्या हो." ती बँकेतून आलेली, दमलेली. विषय संपल्याचं मला बरं वाटलं. त्याचीही लाज वाटतेय.

१६ फेब्रु., रवि.
वारा मस्त होता. वृं. सकाळीच तयार, टोपी घालून. मी म्हणालो, एक्स्ट्रा क्लास आहे. नव्हता. पलासियाला जाऊन क्लासच्या कुलूपबंद दारासमोर स्कूटरवर बसून राहिलो. मग पोहे खाल्ले. मग परत.

१८ फेब्रु., मंगळ.
इथल्या मराठी मंडळाचा फोन. शनिवारी स्नेहमेळावा, त्यात "साहसवीर" म्हणून माझा सत्कार. सपत्नीक. दादाने जुळवून आणलंय. मनाई केली तर म्हणतो, "कशाला फालतू भाव खाऊन राहिला? कार्ड छपून गेले."
वृं. ला सांगितलं. ती पहिल्यांदाच चिडली. "मला सत्कार-बित्कार काही नको. मला रविवारी ते शीड परत उडवायचंय. बँकेत दिवसभर मी लोकांच्या सह्या जुळवते हो. त्या दिवशी ते उघडलं ना, तेव्हा मला..." कुकर लावायला गेली.
मी तिला पाण्यावर नेत नाहीये, कारण मी घाबरतो. आणि दुसऱ्या वेळी काठावरच्यांना खरं कळेल म्हणूनही. माझ्या अब्रूपायी तिचा वारा अडवून बसलोय.
ठरलं. स्टेजवर सांगायचं. सरळ, माइकवर.

२२ फेब्रु., शनि.
सांगितलं.
शब्द पाठ केले होते. "होडी मी चालवतच नव्हतो. मी जाळीवर पालथा पडून आई आई करत होतो. शीड, सुकाणू, सगळं वृंदाने सांभाळलं. सत्कार तिचा करा."
टाळ्यांचा कडकडाट! सूत्रसंचालक गहिवरून म्हणाले, "याला म्हणतात मोठं मन! यशाचं सारं श्रेय पत्नीला!" पुढच्या रांगेतले एक आजोबा डोळे पुसत, "पालथा पडलो म्हणे. काय गमतीदार बोलतात सर!" माझ्या आधी सत्कार झालेल्या डॉक्टरांनीही सगळं श्रेय बायकोलाच दिलं होतं. त्यांच्या आधीच्या वकिलांनीही. आपल्याकडे त्या माइकवर दुसरं कुणी काही बोलतच नाही.
शाल माझ्या खांद्यावर, नारळ माझ्या हातात. वृं. ची खणाने ओटी भरली.
परतताना स्कूटरवर म्हणालो, "सांगितलं मी. त्यांना पटलंच नाही."
मागून ती म्हणाली, "परत कुठे सांगितलंत?"
खरंय. शाल खांद्यावर येताच मी हसलो होतो.

२३ फेब्रु., रवि.
आज तलावावर नाही. पाहुणे. पण एक सुचलंय. बोलून उपयोग नाही, लोकांना दिसायला हवं. मी काठावर उभा राहायचं, सगळ्यांच्या मधोमध. होडीवर वृं. आणि वहिनी. दादाच्या बायकोला पोहता येतं, आणि मनगटात माझ्या दुप्पट जोर आहे. वहिनींना विचारलं तर म्हणाल्या, "मी कधीची वाट बघून राहिले!"
वृं. ने विचारलं, "तुम्ही येत नाही ते मला श्रेय मिळावं म्हणून, की भीती वाटते म्हणून?"
म्हणालो, दोन्ही. दुसरं जास्त.
"बरं," म्हणाली. रागावलेली वाटली नाही.

१ मार्च, शनि.
दोघी हॉलमध्ये बसून शिडाची गुंडाळी करतायत. लोकर हिरवी. वहिनींच्या जुन्या स्वेटरची. मला मधे बोलायची परवानगी नाही.

२ मार्च, रवि.
मंडळी आलीच, मेळाव्यातली पण. "सर, तुम्ही इथे?" म्हणालो, "आज त्या दोघीच." वाक्य नीट ऐकू जावं म्हणून मोठ्याने म्हणालो.
त्या पलीकडून निघाल्या. गुंडाळी वर गेली. लोकर तुटलेली इथून दिसत नाही, पण एका क्षणी सगळं केशरी-निळं उघडलं. मधे गाठ नाही, डमरू नाही. होडी येतच राहिली. मी शिडाकडे बघत होतो आणि मला रडू येत होतं. अभिमानच होता तो.
शीड उतरलं. सुकाणूवर वृं., पुढे वहिनी साडी खोचून, वर लाइफ जॅकेट. सगळ्यांना दिसलं. दिसायला हवं होतं ते सगळं दिसलं.
दादाने माझ्या पाठीवर थाप मारली. "वा रे भिया! वृंदाला काय तैयार केलंस यार तू!" बाकीचे माना डोलावतायत. "सर, गुरु तो गुरु होते हैं."
सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. नाही म्हणायला एवढी चांगली वेळ परत येणार नव्हती.
"हो ना," म्हणालो मी. आणि वर हसलोही.
घरी आलो. वृं. केस ओले, नाक उन्हाने लाल, कित्येक महिन्यांत इतकी बोलली नव्हती. वहिनींचं कसं, वाऱ्याचं कसं, पुढच्या रविवारी काय काय. मग म्हणाली, "अहो, काठावर काय म्हणत होते सगळे?"
चहा घेऊन सांगतो म्हणालो.
चहा होऊन गेला. ती गच्चीत शीड वाळत घालतेय. वरून परत विचारतेय.