फ्रेंचाच्या माडीतला म्हसोबा

२ फेब्रुवारी

अक्षर! म्हसोबाच्या शेंदराखाली कोरलेलं अक्षर!

झाडताना कोपऱ्याचा टवका पडला आणि दिसलं. इंग्रजीसारखं. सहा वर्षं मी जुन्नरच्या या फ्रेंचाच्या माडीची पहारेकरी, रोज त्या दगडाला हात जोडून पुढं जाते – आणि आज हे! जेवणावर लक्षच नाही.

४ फेब्रुवारी

बाहेर 'संरक्षित वास्तू'चा बोर्ड आहे, पण पुरातत्त्व खात्याच्या साहेबांचं एकच पालुपद. "मोहिनीबाई, फ्रेंच सरदारानं बांधली हे सगळेच सांगतात. पुरावा कुठाय?" बारा तारखेला पाहणी. पुरावा नसेल तर माडी यादीतून बाद, मग रस्ता रुंदीकरणात जाणार. आख्खी! तो वळणाचा जिना, ते सागवानी खांब... मला घरापेक्षा तिथं जास्त करमतं, खरं सांगते.

५ फेब्रुवारी

बयाबाईंकडं गेले. म्हसोबाची पूजा त्यांच्या घराकडं, पिढ्यान्‌पिढ्या. शेंदूर खरवडू का विचारलं, तर पेटल्याच! "देवाची कातडी सोलतीस व्हय गं?"

मीही कसली गप्प बसते. "माडी पाडल्यावर देव काय रस्त्यात बसणार?" त्या तरातरा आत गेल्या. जिभेला हाड नाही माझ्या!

९ फेब्रुवारी, रविवार

बयाबाईंनी स्वतःहून कौल लावला! शेंदरावर दोन कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर खरवडायचं, डावी पडली तर नाही. अर्धा तास दोघी टक लावून बसलो.

डावी पडली.

रडले मी. तिथंच.

११ फेब्रुवारी

सकाळी बघते तर बयाबाई माझ्याआधी हजर! वाटीभर गोडंतेल शेंदरात जिरवत बसलेल्या.

"देव नाय म्हणला, म्हणू दे. रुसला तर माझ्यावर रुसंल. पर त्याचं घर पडाया नको. धर ती काटकी, हळू चालव."

दुपारी शेंदराची खोळ सुटली – चार बोटं जाड! खाली चार ओळी आणि १७९६! नाचले मी, अगदी नाचले. बयाबाई हसल्या, "येडी का खुळी!" फोटो अश्विनीला पाठवला. माझी मावसबहीण, पुण्यात फ्रेंच शिकवते.

१२ फेब्रुवारी

साहेबांनी चष्मा काढून पाहिलं, घालून पाहिलं. "दगडावर या घराचा उल्लेख असेल तर माडी राहिली समजा." अश्विनीचा फोन लागत नाही. जीव टांगणीला!

१३ फेब्रुवारी

अश्विनीचा फोन. माडी राहिली! दगडावर लिहिलंय – 'आमची लुईझ. १७९६ साली मी बांधलेल्या या घरात जन्मली, याच घरात गेली. सात महिन्यांची.'

बयाबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी दगडावरून हात फिरवला.

"लेकरू व्हतं व्हय गं? आन मी चाळीस वरसं दर अवसेला त्याला दारू पाजली!"