पुढच्या दाराचं भाषण

३ जून

ती. मावशीस सा. न. वि. वि.

हसू नकोस. हक्कांसाठी केलेलं एक भाषण लोकांना कसं पटवतं, हे शोधायचा अभ्यास कॉलेजात बाईंनी दिलाय, आणि भाषण निघालं तुझंच. वाचनालयाची पुस्तकं तुम्ही बांधणीवाल्या बायका शिवायच्या, पण गठ्ठे मागच्या दाराने द्यायचे आणि आत बसून वाचायचं नाही, त्याविरुद्ध पायऱ्यांवर उभं राहून केलेलं. बाईंनी जुनं रेकॉर्डिंग ऐकवलं. "पुस्तकं आम्ही शिवतो" हे तू तीनदा म्हणतेस, ही पुनरुक्ती. मग मोठा विराम. बाई म्हणतात, तिथे ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो. आणखी कोणत्या युक्त्या केल्या होत्यास?

आई म्हणाली, त्याच वाचनालयाने तुला सत्काराला बोलावलंय. गुडघे सांभाळ. लिफ्ट मागच्या दाराला आहे म्हणे.

तुझी लाडकी (असं मी धरून चालते),
बडबडी

९ जून

चि. बडबडीस अनेक आशीर्वाद.

युक्त्या कसल्या डोंबलाच्या. लाउडस्पीकर दोनदा बंद पडला म्हणून तीनदा ओरडले. विरामाचं म्हणशील तर कागदाची घडी उलटी उघडली आणि पुढचं वाक्य सापडेना. घाम फुटला होता. बाईंना सांगू नकोस, उगाच तुझे मार्क जातील.

सत्काराचं नाव काढू नकोस. ज्या दाराविरुद्ध घसा कोरडा केला, त्याच दाराने मिरवत जाऊ? आणि पुढच्या पायऱ्या ह्या गुडघ्यांना झेपायच्या नाहीत. जायची फार इच्छा होती, खोटं कशाला बोलू. आम्हाला आत घ्यायला लागले तोवर माझं लग्न होऊन गाव सुटलं. त्या खोलीत मी एकदाही बसलेली नाही.

माया आहे तेवढी राहू दे.
मावशी

१६ जून

ती. मावशीस सा. न.

ग्रंथपालांना तुझ्या गुडघ्यांबद्दल आणि त्या मागच्या दाराबद्दल पत्र धाडलं. "मावशी बाहेर आहे" असं तीनदा लिहिलं आणि पुढे अर्धं पान कोरं सोडलं. त्यांचा फोन आला, काही लिहायचं राहिलंय का म्हणून. मी गप्प. शेवटी त्यांचं त्यांनाच उमगलं. पुढच्या पायऱ्यांवर लाकडी उतार बसवतायत. आता नाही म्हणालीस तर चौथ्यांदा लिहीन.

तुझीच,
बडबडी

२५ जून

चि. बडबडीस अनेक आशीर्वाद.

जाऊन आले, पुढच्या दाराने. उतार जरा कुरकुरला, बहुतेक माझ्याच वजनाने. खिडकीजवळ बसून कपाटातलं एक पुस्तक काढलं, तर शिवण माझीच. आत काय लिहिलंय ते आत्ता कळलं. बरंय, पण फार लांबण लावलीय.

मग बोलायला उभं केलं. लाउडस्पीकर धड होता, कागदही सुलटा होता, तरी शब्द फुटेना. रडूच आलं गं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, माझी बोलायची पद्धतच अशी.

पत्र पाठवत जा, नाहीतर तीनदा रागवेन.
मावशी

ता. क. बाईंना कळव, हा विराम खरा होता.