राणीचं काम

नागपूर, शनिवार, माघ

आज शाळेत आमचं नाटक झालं. राणीचं काम माझं होतं. दिवाळीपासून तालमी केल्या. पण दुपारी उमरेडहून मला बघायला पाहुणे आले आणि बाबांनी शाळेत जाऊच दिलं नाही. राणी माझ्या वर्गातल्या कमळीने केली. तिला शेवटचं भाषण धड येत तरी होतं का?

पाहुणे होकार देऊन गेले. बाबा खुशीत होते. म्हणाले, "काहून रडून राहिली वं? इथंच म्हणून दाखव ना आम्हाले."

मी उभी राहिले. आई चूल सोडून आली. शेवटच्या भाषणाचं पहिलं वाक्य म्हटलं. पुढचं आठवेचना. काल तर सगळं पाठ होतं.

बाबांनी हळूच विचारलं, "मोठं काम होतं काय वं तुझं?"

मी नाही म्हणाले.