आई मोठ्या बॅगेत जाणार नाही

दादा,

तू गाढ झोपला होतास, म्हणून उठवलं नाही. मी लॅबला निघाले आहे.

तुझ्या मोठ्या बॅगेत स्वेटरमध्ये गुंडाळलेला आईच्या अस्थींचा स्टीलचा डबा मी बाहेर काढला आहे. मी नियम वाचले. ही विमान कंपनी अस्थी सामानात घेत नाही, त्या हातातच न्याव्या लागतात. शिवाय स्टीलमधून क्ष-किरण नीट आरपार जात नाहीत. आतलं दिसलं नाही, तर तपासणीवाले तुला पुढे सोडणार नाहीत. म्हणून अस्थी प्लॅस्टिकच्या बरणीत भरल्या. आईने जन्मभर प्लॅस्टिकला नाक मुरडलं, पण आता तिचा इलाज नाही.

बरणी तुझ्या सॅकमध्ये आहे. सॅक सात किलोंच्या वर चालत नाही, म्हणून तुझे बूट मोठ्या बॅगेत टाकले. तिचं वजन जास्त भरलं तर मागतील ते पैसे दे, पण बरणी हलवू नकोस. मृत्यूचा आणि दहनाचा दाखला पुढच्या कप्प्यात आहे. कोणी झाकण उघडायला सांगितलं, तर आधी दाखले दाखव.

काल तू म्हणालास, "शेवटची दोन वर्षं आई तुझ्याकडेच होती, आता मला नेऊ दे." ती दोन वर्षं तुझी वाट बघत होती, म्हणून माझा आवाज चढला. पण ने तिला.

डबा मात्र शोधू नकोस. तळाला थोडी राख चिकटून राहिली आहे. खरवडून काढता आली असती. मी काढली नाही.

धाकटी